भुऱ्याच्या नावाची मूठ

कुत्रं खाजवतं यात नवल ते काय, असं मंजुळाबाईंचं पहिल्यापासूनचं म्हणणं होतं. एरंडोलकडच्या खेड्यात त्यांनी अर्धं आयुष्य काढलं. तिथं दारोदारी कुत्री होती, सगळी खाजवत होती, आणि त्यापायी कुणाच्या घरी बैठक बसली नव्हती. कुत्र्याला दुसरा उद्योग काय? त्याला शेत नाही, सून नाही, लग्नाची आमंत्रणं नाहीत. बसल्या जागी मागचा पाय उचलायचा, कान खाजवायचा आणि पुन्हा झोपायचं.

पण हे कुत्रं गावाकडचं नव्हतं. दीपकने, म्हणजे त्यांच्या थोरल्या मुलाने, ते पुण्याहून गाडीत मांडीवर बसवून जळगावला आणलं होतं. पग म्हणतात त्याला. नाक असं की लहानपणी कुणी पाट फेकून मारला असावा. डोळे बाहेर, जीभ बाहेर, आणि शेपूट तेवढी चकलीसारखी गुंडाळून ठेवलेली. सुनेने, पुनमने, त्याचं नाव ब्रूनो ठेवलं. मंजुळाबाईंनी ते एकदा म्हणून पाहिलं, तोंडाला रुचलं नाही, म्हणून रंग बघून त्यांनी त्याला भुऱ्या केलं. आठवड्याभरात कुत्रं भुऱ्यालाच ओ देऊ लागलं, कारण ब्रूनो म्हणणारी सकाळी कामावर जायची आणि भुऱ्या म्हणणारीच्या हातात भाकरीचं टोपलं असायचं.

मंजुळाबाई दुसरीपर्यंत शिकल्या होत्या. तिसरीच्या मास्तरांचा हात फार चालतो असं ऐकून त्यांनी शाळा सोडली. शाळेने त्यांना काढलं नाही, त्यांनी शाळेला काढलं, हे त्या नव्या माणसाला पहिल्या भेटीतच सांगत. तेव्हा कुत्र्याच्या खाजेवर शिकलेल्या माणसांची अक्कल घ्यावी असं त्यांना वाटण्याचं काही कारण नव्हतं. दीपक म्हणाला, "आई, त्याचं पोट लाल झालंय." त्या म्हणाल्या, "फरशीवर लोळतो, घासलं असेल." पुनम म्हणाली, "कानामागचे केस गेलेत." त्या म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांचेपण गेलेत. त्यांना नेलं का डॉक्टरकडे?" सासरे, म्हणजे चुडामण नाना, पेपरमागे होते आणि तिथेच राहिले.

हे असंच चाललं असतं. पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी सगळी भाऊबंदकी जमली आणि अभिमन आबांनी जाहीर केलं की गावच्या घराचं छत उतरवायला काढलंय, तर यंदा कानबाई जळगावला चुडामणच्या घरी बसेल.

आबा म्हणजे थोरले दीर. त्यांच्या शब्दावर भाऊबंदकीतली लग्नं ठरत आणि मोडत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कुळाची देवी कानबाई चौरंगावर बसते, सगळे भाऊबंद एका छताखाली जमून तिचा रोट, म्हणजे पुरणपोळी, खातात, आणि ते छत यंदा मंजुळाबाईंचं असणार होतं. आजवर त्या गावी जाऊन दुसऱ्याच्या चुलीपुढे पुरण वाटत आल्या. सूचना ऐकत आल्या. आता सूचना त्या देणार होत्या. घरी येताना गाडीत त्या बोटांवर जावा मोजत बसल्या. कोणत्या जावेला कोणतं काम सांगायचं याची जुळवाजुळव डोक्यात चालली होती. धुळ्याच्या सुनंदाला नारळ सोलायला बसवायचं, हे एरंडोलपर्यंत पक्कं झालं होतं.

सुनंदाबाई धाकटी जाऊ. धुळ्यात देवपुराकडे तिचं नवं घर, हॉलमध्ये चकचकीत फरशी, आणि ती फरशी भाऊबंदकीतल्या कुणीही अजून पुरेशी पाहिलेली नाही हे तिचं दुःख. जळगावला कुणाच्या तरी साखरपुड्याचं निमित्त काढून ती जागा बघायला आली. चहा घेतला, देवघर पाहिलं, चौरंग कुठे मांडणार ते विचारलं. तेवढ्यात भुऱ्या सोफ्याखालून बाहेर आला, पाहुणीच्या पुढ्यात बसला आणि खाजवू लागला. साधं नाही. मागचा पाय फरशीवर आपटत, शेजारणीने मिरच्या कुटाव्या तसा. कान झाला, पोट झालं, मग पाठ भिंतीला लावून भिंतभर घासत तो देवघराच्या उंबऱ्यापर्यंत गेला आणि तिथे केसांचा एक पुंजका ठेवून परत आला.

सुनंदाबाईंनी पाय वर घेतले. "बाई, याला तर खरूज आहे."

"खरूज तुझ्या तोंडाला," असं मंजुळाबाई म्हणाल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा म्हणाला. "मच्छर चावतात त्याला," एवढंच त्या बोलल्या.

संध्याकाळी आबांचा फोन आला. दीर-भावजय समोरासमोर फार बोलत नसत, म्हणून नानांनी फोनचा आवाज मोठा केला आणि मंजुळाबाई डोक्यावर पदर घेऊन मोबाइलपुढे उभ्या राहिल्या.

"चुडामण, तुन्हा घरना कुत्राले खरूज शे म्हणतस," आबा म्हणाले. "बठ्ठी लेकरंबाळं येथीन जेवाले. श्रावणना आत त्यानं अंग बरं दिसाले पाहिजे. नही ते कानबाई धुळाले बसाडूत. सुनंदा तयार शे."

ती तयार असणार यात मंजुळाबाईंना शंका नव्हती.

दीपकने सरळ उपाय सांगितला: भुऱ्याला दोन महिने मित्राच्या मळ्यात ठेवू. मंजुळाबाईंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो पाणी प्यायला उठला. "म्हणजे सुनंदा खरी ठरली. उद्या ती म्हणेल मंजुळाच्या नवऱ्याला ढेकर फार येतात, तर त्यांनापण मळ्यात ठेवू? कुत्रं इथंच राहील, कानबाई इथंच बसेल. खाज तेवढी जाईल." नानांनी पेपरमागून हुंकार दिला, तो कशाला होता ते कळलं नाही.

आता खाज घालवायची म्हटल्यावर कॉलनीत पहिले सल्लागार शेजारचे झुलालभाऊ. भुसावळला रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाल्यापासून हिरवा झेंडा दाखवायला काही उरलं नाही, म्हणून ते लोकांच्या दुखण्यांना दाखवतात. त्यांनी करंजाचं तेल सांगितलं. "वहिनी, आमच्या यार्डात एका कुत्र्याला लावलं होतं, तिसऱ्या दिवशी घोड्यासारखा चमकत होता." मंजुळाबाईंनी भुऱ्याला वाटीभर तेल चोपडलं. तो चमकला हे खरं. पण तेल लागलेलं कुत्रं हातात धरता येत नाही, ही गोष्ट झुलालभाऊंनी सांगितली नव्हती. तो सटकून आत गेला. पुनमच्या ऑफिसच्या पांढऱ्या कुडत्यावर लोळला, नानांच्या गादीवर लोळला, आणि शेवटी नाना झोपले होते म्हणून नानांवर लोळला. करंजाच्या तेलाचा वास ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. नाना दोन दिवस ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर एकटे बसले.

मग कडुनिंब आणि हळद. हा मंजुळाबाईंचा स्वतःचा उपाय, त्यामुळे तो चुकण्याचा प्रश्न नव्हता. पाला वाटून, हळद कालवून त्यांनी त्याला कानापासून शेपटीच्या चकलीपर्यंत लिंपलं. हळद सुकली, पडली, रंग मात्र राहिला. दुसऱ्या दिवशी भुऱ्या फिरायला निघाला तो पिवळाधमक. गल्लीतल्या बायका दारात आल्या. एक म्हणाली, "मंजुळाबाई, हळद लागली वाटतं. वरात कधी?" दुसरी म्हणाली, "मुलगी कुठली, पाचोऱ्याची का?" मंजुळाबाई मान ताठ ठेवून चालत राहिल्या. "तुमच्या मुलाचं जमत नाही ना दोन वर्षं," त्या म्हणाल्या, "म्हणून याचं आधी उरकतोय." त्या गल्लीत पुढचे काही दिवस शांतता होती. खाज मात्र होती तिथेच होती.

आंबट ताकाने धुतला, तर घरातल्या मुंग्या त्याच्यामागे रांगेने फिरू लागल्या. मीठ-मोहरीने दृष्ट काढली, तर ठसका त्यांनाच लागला. जेठ महिना सरला. मंजुळाबाई झोपेतसुद्धा फरशीवर पाय आपटल्याचा आवाज ऐकू लागल्या. आणि धुळ्याहून सुनंदाबाई रोज फोन करून अगदी मायेने विचारू लागली, "कसं आहे त्याचं? नाही, म्हणजे मंडपवाल्याला सांगायचं का आमच्याकडे, म्हणून विचारलं."

तेव्हा त्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात गेल्या. सरकारी अशासाठी की तिथं म्हशीपण बऱ्या होतात. एवढी मोठी म्हैस बरी करणाऱ्याला हे मूठभर कुत्रं काय जड जाणार. भुऱ्याला पिशवीत घालून, तोंड तेवढं बाहेर ठेवून त्या रांगेत उभ्या राहिल्या. पुढे एक बोकड, त्याच्या पुढे म्हैस, तिच्या पुढे खिडकी.

खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "टॅग नंबर?"

"कशाचा?"

"कानातला बिल्ला. जनावराच्या कानात असतो तो."

"आमच्यात मुलांचे कान टोचतात, बिल्ले नाही लावत."

त्या माणसाने वर पाहिलं, पिशवीत पाहिलं, मग केसपेपर लिहून दिला. डॉक्टर लसीकरणाला खेड्यावर गेलेत, येतीलच, असं म्हणाला. मंजुळाबाई बाकावर बसल्या. केसपेपर मांडीवर, भुऱ्या पायाशी. भुऱ्याने खाजवायला सुरुवात केली. त्या त्याला धरायला वाकल्या, तेवढ्यात शेजारच्या बोकडाने केसपेपर खाल्ला. सावकाश, चवीने, शिक्क्यासकट. त्या पुन्हा खिडकीशी गेल्या.

"दुसरा पाहिजे? मग पहिला परत करा. त्याशिवाय रद्द होत नाही."

"तो बोकडात आहे."

"मग तसा अर्ज लिहून द्या."

दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईने भर रांगेत अर्ज लिहायला बसावं आणि तोही बोकडाविरुद्ध, हे होणं नव्हतं. "तुमचा बोकड बरा होऊ दे," असं मालकाला सांगून त्यांनी पिशवी उचलली आणि रिक्षा केली. घरी येऊन त्यांनी दवाखाना बंद होता असं सांगितलं.

पुनम शहाणी मुलगी. तिने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी काढली आणि सासू, कुत्रा दोघांना घेऊन रिंगरोडकडच्या खाजगी दवाखान्यात गेली. तिथं डॉक्टर म्हणजे एक लहानखुरी पोरगी, नाव ममता. तिने भुऱ्याला टेबलावर घेतलं, कातडीचा कीस काढून यंत्राखाली पाहिला, कानात पाहिलं, बोटांच्या बेचक्यांत पाहिलं आणि म्हणाली, "खरूज नाही, आजी. ॲलर्जी आहे."

"म्हणजे दुसऱ्याला लागत नाही?"

"नाही. त्याची त्यालाच होते."

मंजुळाबाईंना दोन महिन्यांत प्रथमच नीट श्वास आला. "हे लिहून द्या. मोठ्या अक्षरात. लागत नाही, याच्याखाली रेघ ओढा."

पुनमने त्या कागदाचा फोटो तिथूनच भाऊबंदकीच्या ग्रुपवर टाकला. सुनंदाबाईंकडून हात जोडलेलं चित्र आलं. त्याचा अर्थ मंजुळाबाईंनी सुनेला दोनदा विचारला आणि दोन्ही वेळा त्यांना पटला नाही.

डॉक्टर पुढे म्हणाली की याला बहुतेक खाण्यातलं काहीतरी सोसत नाही. दोन महिने गहू बंद, दूध बंद, चिकन बंद, बिस्किट बंद. ज्वारीची भाकरी, मुगाची डाळ, दुधी. आठवड्यातून दोनदा औषधी शाम्पू. मग विचारलं, "घरात याला पोळी कोण देतं?"

मंजुळाबाईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेने छताकडे पाहिलं.

"आमच्याकडे कुत्र्याला पोळी देत नाहीत," मंजुळाबाई म्हणाल्या. आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या घरात रोज पहिली पोळी गाईची असते. सासूने घालून दिलेली रीत, तव्यावरून उतरली की तूप लावून गाईला. आता कॉलनीत गाय नाही, याला मंजुळाबाई काय करणार? पहिली पोळी दारात ठेवायची असते, ती त्या ठेवत. दारात भुऱ्या बसलेला असे. गाईची पोळी कुणी खाल्ली हे गाईने बघायचं.

डॉक्टरने चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाली, "बरं, गाईची पोळीपण बंद करा." तिला हे कसं कळलं, याचा विचार मंजुळाबाई रिक्षाभर करत होत्या. पुनम खिडकीतून बाहेर बघत होती आणि तिचे खांदे हलत होते.

दुसऱ्या दिवसापासून पहिली पोळी झाडाखाली कावळ्यांना गेली. नानांच्या चहातलं बिस्किट बंद झालं. दीपक आणायचा ती चिकनची कांडी बंद झाली. भुऱ्याच्या गळ्यात प्लॅस्टिकचा भोंगा आला, त्याने स्वतःला चाटू नये म्हणून. तो भोंगा घेऊन तो घरभर असा फिरे की लाउडस्पीकरला पाय फुटले असावेत. दाराच्या चौकटीला अडके, मागे सरे, पुन्हा अडके, आणि मग भोंग्यातून मंजुळाबाईंकडे बघे. त्याने असं बघितलं की त्या हातातलं काम टाकून ज्वारीची भाकरी दुधीच्या पाण्यात कुस्करायला घेत. तो खाईपर्यंत समोर बसत. भरवला तर जास्त खातो असं लक्षात आल्यावर भरवू लागल्या, पण दार लोटून.

आषाढ संपता संपता पोटाची लाली गेली. कानामागे मऊ लव आली. फरशीवरचा आवाज थांबला. झुलालभाऊ म्हणाले, करंजाच्या तेलाला वेळ लागतो पण गुण येतो. नाना म्हणाले, बिस्किटं उगाच बंद केली. आबांनी व्हिडिओवर कुत्रं पाहिलं, उलटसुलट करून दाखवायला लावलं आणि म्हणाले, "बरं दिसस. जळगावलेच बसाडूत."

इथं ही गोष्ट संपायला हवी होती. संपली असती, पण मध्ये रोटाचे गहू आले.

रोटाचे गहू किलोवर घेत नाहीत, माणसं आठवून घेतात. त्यांच्या भाऊबंदकीत प्रत्येक पुरुषाच्या नावाची सव्वा मूठ घालायची, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. बायकांच्या नावाची मूठ नसते. त्यांनी निवडायचे, दळून आणायचे, लाटायचे. देवी बाई असून असं का, हे मंजुळाबाईंनी एकदा आबांना विचारलं होतं, तेव्हा आबांना खोकला आला होता. ज्याच्या नावाची मूठ पडली त्याने त्या पिठाचा रोट खायचाच. दुसऱ्याला द्यायचा नाही, टाकायचा नाही, घराबाहेर न्यायचा नाही. खरकटंसुद्धा अंगणात खड्डा करून पुरायचं.

शुक्रवारी सगळ्या जावा जमल्या. यजमानीण म्हणून मुठी मंजुळाबाईंनी घालायच्या. डोक्यावर पदर, पुढ्यात नवं सूप, परात, आणि समोर सुनंदाबाई नारळ सोलत बसलेली. एरंडोलला ठरलं होतं तसंच. मंजुळाबाईंच्या अंगात त्या दिवशी वेगळंच बळ होतं. त्या खणखणीत आवाजात नावं घेत होत्या. आबांची, आबांच्या मुलांची, नातवांची. धुळ्याच्यांची. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून "घरच्यांची". हात आपोआप चालत होता, तोंड आपोआप चालत होतं, रोज संध्याकाळी दोन्ही मुलांना जेवायला हाक मारताना चालतं तसं.

"दीपकची. प्रेमराजची. भुऱ्याची."

मूठ उघडली. गहू परातीत पडले. वरची पाव मूठसुद्धा पडली.

नारळ सोलायचा आवाज थांबला. "भुऱ्या कोण?" सुनंदाबाईंनी विचारलं. तिला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. पण एका आतेसासूला ऐकू कमी येतं, तिला वाटलं नव्या बाळाचं नाव ठेवून ठेवलंय. ती पुनमच्या पोटाकडे बघून रडायलाच लागली, आनंदाने. पुनमने तिच्या कानाशी जाऊन खुलासा केला. मग ती वेगळ्या कारणाने तोंडात पदर घालून बसली.

"काढून घे गं चार दाणे," एक जाऊ हळूच म्हणाली.

"कोणते चार?" मंजुळाबाई म्हणाल्या. सगळे गहू सारखे होते. दीपकची मूठ कुठे संपते आणि भुऱ्याची कुठे सुरू होते, हे कानबाईलाच ठाऊक.

सुनंदाबाईंनी आबांना फोन लावला. झालेलं सगळं सविस्तर सांगितलं. मग आबा म्हणाले, "मूठ पडनी ते पडनी. ज्यानी पडनी त्याले खावाले लाव. रोट उरा ते ठपका बठ्ठा कुळले."

एवढा सोपा निकाल आबांनी जन्मात दिला नव्हता, आणि मंजुळाबाईंना इतका अवघड एकही गेला नव्हता. त्या जिन्यात गेल्या आणि पुनमकडून डॉक्टरला फोन लावून घेतला.

"डॉक्टरीणबाई, एकच पोळी. पुरणाची."

"एक घाससुद्धा नाही, आजी. आत्ता कुठे कातडी सुधारतेय. दिलंत तर सगळं पहिल्यापासून."

"देवाचं असलं तरी?"

"गहू असला की झालं."

रात्रभर नाही, पण निम्मी रात्र त्या पंख्याकडे बघत होत्या. खाऊ घातला, तर आधीसारखंच पोट लाल, कान लाल, आणि ते कुत्रं सगळ्या कुळासमोर, कानबाईच्या चौरंगासमोर पाय आपटत बसणार. नाही घातला, तर मंजुळाच्या घरी पहिल्यांदा कानबाई बसली आणि रोट उरला, हे तिच्या नातवंडांच्या लग्नात सांगितलं जाणार. ज्वारीची पोळी करून रोट म्हणून वाढावी असंही मनात आलं. कानबाईने एकवेळ पोटात घातलं असतं. पण समोर सुनंदा बसणार होती.

रविवारी घर भरलं. केळीच्या खांबांत चौरंग, त्यावर नथ घातलेली कानबाई, बाहेर ओळीने चपला. पुरुषांची पंगत बसली. आबा पहिल्या पाटावर, काठी शेजारी. त्यांनी ओळीवरून नजर टाकली आणि म्हणाले, "मुठी इतल्या पडन्यात, पानं एक कमी. त्याले आना."

दीपकने भुऱ्याला आणून प्रेमराजच्या शेजारी बसवलं. भोंगा काढला होता. सुनंदाबाईंनी स्वतः पत्रावळ मांडली, स्वतः पुरणाची पोळी वाढली, वर तूप. भुऱ्याने महिनाभर तुपाचा वास घेतला नव्हता. त्याने पोळीकडे पाहिलं, मग मंजुळाबाईंकडे पाहिलं, चकली हलवली आणि तोंड खाली घातलं.

मंजुळाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या तिथून कशा आल्या हे त्यांना नंतर सांगता आलं नाही. दिरांच्या पंगतीतून, पदर सावरायचं विसरून, त्या आल्या आणि पत्रावळ उचलून छातीशी धरली.

"नाही खायचं त्याने," त्या म्हणाल्या. "आजारी आहे तो."

"परवा तर बरा झाला म्हणत होतात," सुनंदाबाई म्हणाली.

"गहू खाल्ला नाही म्हणून बरा झाला. खाल्ला की मरेपर्यंत खाजवत बसेल. मी दोन महिने त्याला बघितलंय, तू नाही बघितलं."

मंजुळाबाई दिरासमोर उघड्या डोक्याने उभ्या होत्या, हातात देवीचं पान, आणि गालावर उतरलेलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. आबांनी त्यांच्याकडे, मग कुत्र्याकडे पाहिलं. कुत्रं पत्रावळ गेलेल्या जागेची फरशी चाटत होतं.

"आजारीना बी तोड शे," आबा म्हणाले. "चुडामणले गोवर उठेल व्हता, लहान व्हता. तवय त्याना रोट आमनी मायनी खाधा. आजारी लेकराना रोट त्यानी माय खास. बाकी कोनले चालस नही." काठी त्यांनी जमिनीवर टेकवली. "आते सांगा, यानी माय कोन?"

नानांनी आपल्या गोवराची तुलना कशाशी झाली हे लक्षात येऊन मान खाली घातली. सगळ्यांनी पुनमकडे पाहिलं. नाव ठेवलं तिने, फोटो टाकले तिने, वाढदिवसाला टोपी घातली तिने. पुनम एक पाऊल पुढे आली.

"तू कुठे चाललीस," मंजुळाबाई म्हणाल्या. "तुला दिवसभर ऑफिस असतं." मग त्या आबांकडे वळल्या, आणि इतक्या वर्षांत दिरांशी जो आवाज त्यांनी कधी काढला नव्हता तो निघाला. "मी शे यानी माय. कोनले काही म्हननं शे?"

आबांनी आपल्या शेजारचा पाट काठीने पुढे सरकवला. मंजुळाबाई पुरुषांच्या पंगतीत बसल्या, पदर घेतला, पत्रावळ मांडली आणि पहिला घास मोडला. भुऱ्या येऊन त्यांच्या मांडीला टेकून बसला. त्यांनी डाव्या हाताने त्याचं तोंड अलगद बाजूला केलं आणि तो हात तिथेच, त्याच्या नव्या केसांवर राहू दिला.

सुनंदाबाई तुपाचं भांडं घेऊन समोर आली. वाकून तिने पोळीवर चांगली धार धरली, थांबली, आणि आणखी धरली.

"खा बाई," ती म्हणाली, "बाळंतीनले तूप जास्ती लागस."

पंगतीतली माणसं खाली बघून हसत होती. आबांनासुद्धा खोकला आला. मंजुळाबाईंकडे उत्तर तयार होतं, धुळ्यापर्यंत पोचेल असं, पण तोंडात पुरणपोळीचा मोठा घास होता. त्यांनी तो सावकाश चावला, सुनंदाकडे एकदा पाहिलं आणि पत्रावळ अजून थोडी पुढे केली.